डाव्या हाताला फट

१

घाटाच्या शेवटच्या वळणावर, गुळगुळीत डांबरावर, पांढऱ्या फक्कीचा एक गोल काढलेला होता आणि त्या गोलात काहीही नव्हतं.

खड्डा नाही, भेग नाही, साधी खडीसुद्धा नाही. शर्यत तोंडावर आली की सायकलवाल्यांचं मंडळ रस्त्यातल्या खड्ड्यांभोवती असे गोल काढत असे. हौशी लोकांची शर्यत, तिच्यासाठी रस्ता कोण बंद करतो? ट्रक, मोटारी, दुधाच्या गाड्या आपल्या चालूच असतात. त्यांच्यामधून सुसाट उतरणाऱ्याला खड्डा दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. पांढरा गोल मात्र लांबून दिसतो. पण खड्डाच नसेल तर गोल कशाला?

सरावाच्या टोळीमागून चालणारी मोटार सर्व्हेअरबाईंची होती. सुटी चाकं, पाणी, पट्ट्या आणि दमून बसलेली माणसं, सगळं तिच्यातच. बाईंनी उभा जन्म विमा कंपनीसाठी अपघाताच्या गाड्या तपासण्यात घालवला होता आणि निवृत्तीनंतरही चेपलेला पत्रा दिसला की त्यांची मान आपोआप तिकडे वळायची. धुक्यात थांबलेली टोळी दिसली तशा त्या खाली उतरल्या. एरवी या मंडळींच्या तोंडाला कुलूप म्हणून नसे. आज सगळे एक पाय जमिनीवर टेकून गुमान उभे होते.

"रोज असतो," शेपूट म्हणाला. तो बँकेत कारकून होता आणि सायकलवर कायम सगळ्यांच्या मागे असे, म्हणून हे नाव. "पुसला तरी दुसऱ्या दिवशी परत हजर. आणि बाई, ही फट बघा."

गोल पुरा केलेला नव्हता. डोंगराच्या अंगाला वीतभर जागा मोकळी सोडली होती. बाईंनी शेपटाकडे पाहिलं, तेव्हा त्यानं आवाज खाली आणून सांगितलं. गोलाला फट ठेवायची पद्धत फक्त वाटाड्याची. ज्या बाजूनं सायकल काढायची, त्या बाजूला फट. वाटाड्या टोळीच्या पुढे असायचा, वरून उतरत यायचा, खड्ड्याच्या वरच्या अंगाला उभा राहून गोल काढायचा आणि पुढे निघायचा. गेल्या वर्षी याच वळणावर, याच धुक्यात तो दरीत गेला. तेव्हापासून मंडळात कुणी फट ठेवत नाही. सगळे गोल पुरे काढतात.

"आणि टिकटिक ऐकू येते," शेपूट म्हणाला. "मी मागे एकटा असतो ना, म्हणून मलाच येते. वाटाड्याच्या सायकलचं मागचं चाक कसं वाजायचं, टिक, टिक, टिक, तशी. मी थांबलो की मंदावते आणि मग बंद होते."

बाई वाकून बघत होत्या. गोल काढताना थोडी फक्की सांडली होती, ती सगळी गोलाच्या खालच्या अंगाला, उताराकडे. भुतं काही फक्की सांडत नसतील, एवढं मनाशी म्हणून त्या गाडीत बसल्या.

दुसऱ्या दिवशी टोळी निघण्याआधीच त्या एकट्या वळणावर पोचल्या. धुक्यात रस्त्यावर कुणीतरी उकिडवं बसलं होतं. त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे होते. बाईंच्या गाडीचा उजेड पडला तशी त्यानं मान वर केली.

तो त्यांचा सख्खा धाकटा भाऊ होता.

२

"मी काढत नाहीये, ताई. मी पुसतोय," भाऊ म्हणाला.

बाईंनी त्याला गाडीत बसवलं आणि पाण्याची बाटली दिली.  

भाऊ सायकलींचा मिस्त्री. अपघाताच्या आदल्या दिवशी वाटाड्याची सायकल त्याच्याच दुकानात दुरुस्तीला होती. वाटाड्या कामासाठी परगावी गेला होता, तो पहाटे परतला, दुकानातून सायकल घेतली आणि थेट घाटात गेला. दरीतून सायकल वर काढली तेव्हा पुढच्या ब्रेकची केबल तिच्या स्क्रूतून सुटलेली होती. पडताना सुटली की आधीच ढिली होती, हे कुणालाच सांगता येईना. मंडळानं आपल्या सोयीचं ते धरलं. तेव्हापासून मिस्त्रीच्या दुकानात कुणी ब्रेकचं काम घेऊन येत नसे. पंक्चर काढायला यायचे, आणि तेही नजर चुकवून.

बाईंना खरा घोर धंद्याचा नव्हता. दुकान बुडालं तर दुसरं काही करता येतं. भावानं स्वतःच ते खरं मानायला सुरुवात केली होती, याचा त्यांना घोर होता.

"केबल बसवल्याचं आठवतंय," तो दर खेपेला तेच सांगायचा, आजही सांगितलं. "स्क्रू आवळल्याचं आठवत नाही. आवळला असणारच, रोज आवळतो. पण आठवत नाही, ताई."

वाटाड्याची मोडकी सायकल त्यानं दुकानात टांगून ठेवली होती. येता-जाता तिचं चाक फिरवायचा, ब्रेक दाबायचा, परत फिरवायचा. घरच्यांनी हात टेकले होते. बाई या मंडळाची गाडी चालवायला आल्या त्या त्याच्याचसाठी. कधीतरी काहीतरी कानावर पडेल या आशेवर.

"गोल पुसायला कशाला येतोस?"

"फट दिसली की वाटतं, तो अजून वाट दाखवतोय आणि मी मात्र त्याचे ब्रेक..."

तेवढ्यात वरून टोळी आली. सगळ्यांत पुढे मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी मिस्त्रीचे पांढरे हात पाहिले, बाईंचं तोंड पाहिलं, आणि काही न बोलता खाली निघून गेले. त्यांचं ते न बोलणं बाईंना मुळीच आवडलं नाही.

३

अध्यक्ष दाताचे डॉक्टर होते. समोरच्याचं तोंड उघडं आणि बोलती बंद, या अवस्थेत माणसांशी बोलायची त्यांना सवय झाली होती. बाईंनी म्हणून खुर्चीत बसायचं नाकारलं आणि उभ्यानंच बोलल्या.

अध्यक्षांचं म्हणणं सरळ होतं. शर्यत रविवारी आहे. भरधाव येणारी टोळी त्या गोलापाशी बिचकली, एकानं हँडल वळवलं, तर मागचे दहा जण आडवे होतील आणि समोरून ट्रक येत असेल तर पुढचं बोलायलाच नको. हे काम मिस्त्रीचं आहे. अपराधाच्या भावनेनं त्याचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही. रविवारच्या आत दुसरं काही समोर आलं नाही, तर ते पोलिसांत जाणार होते, आणि मग गेल्या वर्षीच्या केबलचा विषयही निघणारच होता.

"तो पुसत होता," बाई म्हणाल्या.

"बहीण दुसरं काय म्हणणार?"

हे वाक्य बाई वर्षभर ऐकत होत्या. म्हणूनच गेल्या वर्षी त्यांनी आपलं मत कुणाला दिलं नव्हतं. राग गिळून त्यांनी विचारलं, त्या वळणावर तेव्हा खड्डा तरी होता का? अध्यक्ष म्हणाले, होता तर. चांगला टोपलीएवढा. अपघाताच्या आधीच्या आठवड्यात पाऊस झाला, त्यात पडला. त्यांनी रस्ते खात्याला फोनवर फोन केले, पण खड्डा बुजला तो माणूस गेल्यावर.

"आणि त्याच्याभोवती गोल कुणी काढला?"

"वाटाड्यानंच. फट होती ना! मी स्वतः पाहिली, म्हणजे ओझरती पाहिली. आम्ही सगळे दरीत बघत होतो हो. मग दुपारी पाऊस आला आणि गोल वाहून गेला."

बाई निघताना अध्यक्ष हळूच म्हणाले की टिकटिक त्यांनीही ऐकली आहे, पण शर्यत होईपर्यंत हे कुणाला सांगू नये. दोन जणांनी आधीच नावं मागे घेतली होती.

४

वाटाड्याच्या बायकोला सगळं मंडळ वहिनी म्हणायचं. बाई तिच्या दारात उभ्या राहिल्या तर बेल सापडेना. त्यांनी फोन लावला.

"दाराच्या डाव्या हाताला आहे बघा, वेलीमागे," वहिनी आतून म्हणाली. बाईंनी डावीकडची वेल चाचपली. नुसती पानं आणि एक कोळिष्टक. शेवटी बेल उजवीकडच्या वेलीत सापडली आणि तोवर वहिनीनं दारच उघडलं.

घर टापटीप होतं, पण वहिनीचे डोळे जागरणानं आत गेले होते. कोपऱ्यात वाटाड्याचं शिरस्त्राण खुंटीवर होतं आणि त्याखाली त्याची पिशवी होती. वहिनी सायकल चालवत नव्हती. नवऱ्याचं ते वेड तिला पहिल्यापासून कळलं नाही, पण त्याच्या पिशवीत खाऊ भरून देणं, त्यानं सांगितलेलं काम न विसरता करणं, हे तिनं मनापासून केलं. अपघाताआधीचा आठवडाभर तो परगावी होता, ती सांगत होती, आणि फोनवर सुद्धा त्याच्या तोंडी घाट आणि खड्डेच होते. पहाटेच्या बसनं उतरला तो घरीसुद्धा आला नाही, दुकानातूनच वर गेला.

बाईंनी मग गोलाचं सांगितलं. सांगताना जपून बोलल्या. नवरा गमावलेल्या बाईपुढे त्याच्या भुताच्या गप्पा कोण मारेल?

वहिनी घाबरली नाही, रडलीही नाही. तिनं एवढंच विचारलं, "फट बरोबर बाजूला आहे ना?"

बाईंनी गोल म्हटलं होतं. फटीबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

५

घरी येऊन बाईंनी कपाटातून गेल्या वर्षीचा फोटो काढला. अपघात झाला की फोटो घ्यायचा, ही त्यांची हाताला लागलेली सवय. भावाचं नाव निघतंय कळताच त्या वळणावर धावल्या होत्या आणि पाऊस पडायच्या आत त्यांनी तो घेतला होता. वर्षभर त्यात त्यांनी फक्त मोडकी सायकल आणि सुटलेली केबल पाहिली. रस्त्याकडे पाहिलंच नाही. गोलाला फट का असते, हे त्यांना तेव्हा माहीत तरी कुठे होतं?

आता त्यांनी भिंग लावून रस्ता पाहिला.

खड्डा होता. गोल होता. फट होती, पण डोंगराच्या अंगाला नव्हे. ती दरीच्या अंगाला होती.

त्या घाटात उतरताना डोंगर डावीकडे असतो आणि दरी उजवीकडे. वाटाड्या जन्मात तिकडे फट ठेवणार नाही. आणि तो ठेवणार तरी कसा? खड्डा पडला त्या आठवड्यात. त्या आठवड्यात तो गावातच नव्हता. गोल त्यानं काढलेलाच नव्हता.

फक्कीवर सायकलच्या चाकाची रेघ उमटली होती. ती फटीकडे वळत गेली होती, सावकाश, बेतानं. ब्रेक नसलेला माणूस असा वळसा घालून फटीतून जात नाही. तो जाईल तिकडे जातो. पुढे कडेच्या खडीत एक खरवड होती, जिला त्या वर्षभर पडल्याची खूण समजत होत्या. ती पडल्याची नव्हती. आवळलेलं पुढचं चाक खडीवरून घसरल्याची होती. म्हणजे ब्रेक लागला होता.

बाई खुर्चीत बसल्या आणि पदरानं डोळे पुसले. भावाला लगेच फोन लावावा असं त्यांना फार वाटलं. पण सर्व्हेअरच्या मतावर लोक विश्वास ठेवतात, बहिणीच्या नाही. गोल काढणारा माणूस हवा होता.

फोटोत फक्की सांडलेली होती, ती गोलाच्या खालच्या अंगाला. हल्लीच्या गोलांसारखीच. काढणारा खालून चढून येत होता, वर तोंड करून उभा राहत होता. आणि मंडळातले सगळे तर पलीकडच्या रस्त्यानं चढतात आणि इथून फक्त उतरतात.

रविवार उजाडायला अजून एक सकाळ होती. बाईंनी गाडी वळणाच्या बरीच वर ठेवली आणि वळणापर्यंत पायी उतरल्या. धुकं असं की स्वतःची पावलंही दिसेनात. गोल काढून झालेला होता. बाई श्वास रोखून उभ्या राहिल्या.

टिक. टिक. टिक.

क्षणभर त्यांनाही वाटलं की आता धुक्यातून वाटाड्या सायकल ढकलत बाहेर येईल, मान तिरकी करून विचारेल, बरोबर बाजूनं चाललात ना? मग आवाज थोडा मंदावला, आणि बाईंच्यातली सर्व्हेअर जागी झाली. असा मंदावत जाणारा आवाज त्यांनी आयुष्यभर ऐकला होता. घाट चढून तापलेल्या मोटारीचं इंजिन बंद केलं की ते निवताना असंच वाजतं.

आवाजाच्या रोखानं त्या वळणाखाली गेल्या. बंद पडलेल्या टोलनाक्याच्या शेडमागे एक मोटार उभी होती. काचेवर दव होतं. बाईंनी हातानं काच पुसली, तर आतून कुणीतरी त्यांच्याकडेच बघत होतं.

६

वहिनीनं शेजारचं दार उघडलं आणि बाई आत बसल्या. फक्कीची पिशवी, तीच वाटाड्याची खुंटीखालची, वहिनीच्या मांडीवर होती.

"तुमच्या बेलनं सांगितलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही आत उभ्या होतात. तुमच्या डाव्या हाताला होती ती मला उजवीकडे सापडली."

वहिनीनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. मग बोलली ती अगदी सपाट आवाजात. "त्याचा फोन आला. शेवटच्या वळणावर नवा खड्डा पडलाय असं कळलंय, म्हणाला, उद्या मी पुढे असेन, तेवढा एक गोल काढून ठेव. मी विचारलं, फट कुठे ठेवू? तो म्हणाला, डाव्या हाताला. मी गाडी इथे लावली, चढून गेले आणि ठेवली. माझ्या डाव्या हाताला."

तेव्हा ज्या चढाकडे तोंड करून ती उभी राहिली होती, त्या चढाकडे तिनं धुक्यात पाहिलं. काही दिसत नव्हतं.

"त्याला वाटलं असेल, ही चुकायची नाही," बाई म्हणाल्या आणि लगेच जीभ चावली.

"मी कधीच चुकत नसे," वहिनी म्हणाली. "म्हणून तर तो थांबला नाही."

बाकीचं तिनं तुटक सांगितलं. ती त्या रस्त्यानं नेहमी खालूनच आली होती. वरून उतरली ती पहिल्यांदा महिन्यापूर्वी, वर्ष झालं म्हणून मंडळानं फुलं वाहायला नेलं तेव्हा, आणि तेही बाईंच्याच गाडीतून. वळण आलं, डोंगर डावीकडे दिसला, आणि तिला कळलं. बाईंना आठवलं. वहिनी त्या दिवशी पांढरीफटक पडली होती आणि त्यांनी गाडी लागली समजून तिला आल्याची गोळी दिली होती. तेव्हापासून ती रोज पहाटे येऊन फट बरोबर बाजूला ठेवत होती, आणि टोळी सुखरूप खाली जाईपर्यंत इथे बसून राहत होती.

"खड्डा बुजलाय, हे कळतं मला," ती म्हणाली. "पण न काढता घरी बसवत नाही."

बाईंना तिची दया आली आणि तिचा संतापही आला, दोन्ही एकदम. ही महिनाभर गप्प होती आणि त्या महिन्यात त्यांचा भाऊ रोज एक मोडका ब्रेक दाबून बघत होता.

"चला," त्या म्हणाल्या. "हे मी त्याला सांगणार नाही. तुम्ही सांगायचं."

दुकानात वहिनीनं ते सगळं उभ्यानं सांगितलं. मिस्त्री ऐकत होता, हातातलं फडकं तसंच होतं. बाईंनी फोटो समोर ठेवला आणि खडीतली खरवड दाखवली. ब्रेक लागला होता. केबल सुटली ती दरीत.

तो ओरडेल, निदान रडेल असं बाईंना वाटलं होतं. त्यानं वहिनीसाठी स्टूल ओढलं.

"झोप लागते का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मलाही लागत नव्हती," तो म्हणाला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. मग थोड्या वेळानं उठून त्यानं टांगलेली सायकल खाली उतरवली.

७

रविवारी धुकं होतंच. रस्ता उघडा होता, दुधाची गाडी भोंगा वाजवत नुकतीच वर गेली होती. अध्यक्षांनी मिस्त्रीची माफी सगळ्यांसमोर मागितली, जरा घाईत मागितली, पण मागितली. वळणावर वाट दाखवायला माणूस हवा होता. वहिनीनं मीच राहते म्हटल्यावर ते गडबडले आणि त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली.

त्या दिवशी वळणावर गोल नव्हता. वहिनी स्वतः उभी होती, वर तोंड करून, हातात लाल फडकं घेऊन. बाई गाडी घेऊन टोलनाक्याच्या शेडपाशी थांबल्या होत्या. त्यांच्या भावानं या शर्यतीत नाव दिलं होतं. वर्षभरात तो सायकलवर बसला नव्हता आणि आज बसला तो वाटाड्याच्या सायकलवर, स्वतः सरळ केलेल्या, स्वतः केबल आवळलेल्या. स्क्रू आवळताना त्यानं ताईला बोलावून घेतलं होतं. आठवायला कुणीतरी सोबत असावं म्हणून, म्हणाला.

आधी पुढची टोळी सुसाट गेली. मग दोघे-तिघे. मग बराच वेळ कुणी नाही, आणि मग वरून, धुक्यातून, मागच्या चाकाचा आवाज आला.

टिक, टिक, टिक.

वहिनीचे दोन्ही हात छातीशी गेले. बाईंना गाडीतून तिचे खांदे हलताना दिसले. आवाज जवळ येत होता आणि ती तशीच उभी होती. बाईंनी दाराला हात घातला.

मग वहिनीनं डावा हात खाली सोडला, उजवा हात डोंगराकडे लांब पसरला, आणि धुक्यात जोरात हाक दिली, "तुमच्या डाव्या हाताला!"

मिस्त्रीनं ब्रेक दाबले. ते लागले. तो डोंगराच्या कडेनं वळण घेऊन खाली गेला, आणि त्याच्या मागून शेपूट गेला तरी वहिनीचा हात खाली आला नव्हता.